दोरी बांधणारा हात आणि दोरी देणारी व्यवस्था

गेल्या उन्हाळ्यात खान्देशातल्या एका निवासी संस्थेच्या फाटकावर आम्ही निवेदन घेऊन गेलो होतो. तिथल्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या एका तरुणाला रात्रभर खाटेला दोरीने बांधून ठेवल्याचे त्याच्या आईने आम्हाला सांगितले होते. त्याच्या मनगटावरचे वळ आम्ही डोळ्यांनी पाहिले. तो लहानपणापासून बौद्धिक अपंगत्व असलेला, फारसे बोलता न येणारा. आई आपल्याच वस्तीतली, शेतमजुरी करणारी. आम्ही घोषणा दिल्या, 'दोषी कर्मचाऱ्यावर तात्काळ कारवाई झालीच पाहिजे' असे लिहून दिले. कारवाई झालीसुद्धा. दुसऱ्याच दिवशी रात्रपाळीच्या आयाबाईला कामावरून काढले. आपण जिंकलो असे आम्हाला वाटले, हे कबूल करतो.

आठ दिवसांनी ती काढलेली बाई आमच्या एका कार्यकर्त्याच्या घरी आली. तीही आपलीच निघाली. ठेकेदाराच्या माणसाकडून महिन्याला हातावर पडेल तो पगार, सुट्टी घेतली की कपात, आणि रात्री तीस प्रौढ निवाशांमागे ती एकटी. तिने रडगाणे गायले नाही. एवढेच विचारले, "भाऊ, त्याने दुसऱ्या पोराचे डोके धरून भिंतीवर आपटले. रात्रीचे दोन वाजलेले. मी काय करायला पाहिजे होते, ते तुम्ही सांगा."

आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नापायी लिहीत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. माणसाला बांधून ठेवणे हा अत्याचारच आहे आणि तो आम्ही पाठीशी घालणार नाही. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ६ नुसार क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण देणे सरकारवर बंधनकारक आहे. कलम ७ नुसार छळाची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे कोणीही करू शकतो. कलम ९२ मध्ये तर 'अत्याचार' हाच शब्द आहे आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ॲट्रॉसिटीचा कायदा ज्यांना तोंडपाठ आहे त्या आपल्या कार्यकर्त्यांनी हाही कायदा पाठ करावा. पण आमच्या निवेदनात एक मोठी चूक होती. दोरी कोणी बांधली, एवढेच आम्ही विचारले. दोरीशिवाय दुसरे काही त्या बाईच्या हातात का दिले गेले नाही, हे विचारायचे राहून गेले.

आता या माणसांना काय म्हणायचे, त्याबद्दल. सरकारी कागदावर पूर्वी 'मतिमंद' होते, आता 'दिव्यांग' आहे. आम्ही हा नवा शब्द वापरत नाही. आपल्याला 'हरिजन' म्हणून देवाची लेकरे ठरवले गेले तेव्हा बाबासाहेबांनी तो शब्द नाकारला होता. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात याच शब्दावरून स्वतंत्र मजूर पक्षाच्या आमदारांनी सभात्याग केला होता. माणसाला दैवी ठरवले की त्याला हक्क द्यावा लागत नाही, दया दाखवली की भागते. 'दिव्य अंग' म्हणायचे आणि रात्री तीस जणांमागे एक आया ठेवायची, ही तीच जुनी चाल आहे. म्हणून आम्ही 'बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे' असे म्हणतो. ती माणसे आहेत आणि त्यांच्यापैकी अनेक जण प्रौढ, मतदानाच्या वयाचे नागरिक आहेत.

संख्येचेही बघा. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची देशातली नोंद सुमारे १५ लाख होती. एकूण लोकसंख्येत अपंगत्वाचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. हा फरक आकाशातून पडलेला नाही. गरोदरपणातली उपासमार, अडलेले बाळंतपण आणि दूरचा दवाखाना, तापात झटके आलेल्या लेकराला वेळेवर न मिळालेले औषध, या सगळ्याचा पत्ता बहुतेक वेळा गावकुसाबाहेरचाच असतो. त्यामुळे हा प्रश्न 'त्यांचा' नाही, आपल्या घरातला आहे.

सरकारी भाषेत ज्याला 'आव्हानात्मक वर्तन' म्हणतात त्याला आपल्याकडे लोक 'अंगावर येतो', 'डोके फिरते', 'याला बाहेरचे झाले' असे म्हणतात. मारणे, चावणे, स्वतःचे डोके आपटणे, कपडे फाडणे, वस्तू फेकणे, रात्रभर ओरडणे, पळून जाणे हे सगळे त्यात येते. या विषयातले जाणकार पहिली गोष्ट हीच शिकवतात की असे वर्तन बहुधा विनाकारण नसते. ज्याला शब्द सापडत नाहीत तो शरीराने बोलतो. काही तरी हवे असते, कोणी तरी जवळ यावे असे वाटते, नकोशा कामातून किंवा गोंगाटातून सुटका हवी असते, नाही तर अंगातच काही दुखत-खुपत असते.

आमच्या त्या तरुणाचेच घ्या. बाईला नीट विचारल्यावर कळले की तो चार दिवसांपासून जेवण अर्धे टाकत होता आणि सारखा गालावर हात मारून घेत होता. दात दुखत असेल का, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "असेल. मला कोणी सांगितले नाही की तेही बघायचे असते." पुढे आईने त्याला दवाखान्यात नेले, तर खालची दाढ किडलेली निघाली. ज्या रात्री त्याला बांधले, त्या रात्री त्याला दातांच्या डॉक्टरची गरज होती.

प्रशिक्षण म्हणजे काय, तर हे असे बघायला शिकणे. वर्तन बिघडले की आधी शरीर तपासायचे. दात, कान, बद्धकोष्ठता, मासिक पाळी, फिट्स, नव्याने सुरू केलेली गोळी. मग एका वहीत तीन रकाने आखायचे : आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर आपण काय केले. पंधरा दिवस हे लिहिले की काही तरी दिसू लागते. आंघोळीच्या वेळीच ओरडतो का? अमुक माणूस जवळ आला की मारतो का? भुसावळ-जळगावचा मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या वर, वीज गेलेली, पत्र्याखाली तीस माणसे. तिथे धडधाकट माणसाचेही डोके फिरते. अशा वेळी गोळी वाढवण्याआधी पंखा, पाणी आणि सावली बघावी लागते.

भाषेचा मुद्दा तर आपल्या भागात फार मोठा आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या पट्ट्यातून आलेला पावरा किंवा भिल्ल तरुण घरात पावरी, भिलोरी ऐकत वाढलेला असतो. त्याला येणारे पंधरा-वीस शब्दही त्याच भाषेतले. संस्थेत सगळे मराठी बोलणारे. पोट दुखते हे तो सांगतो, पण समोरच्याला ते ओरडणे वाटते. फाईलवर 'आक्रमक' असा शिक्का बसतो आणि झोपेची गोळी सुरू होते. त्या फाईलवर खरे तर 'कर्मचाऱ्यांना याची भाषा येत नाही' असे लिहायला हवे. त्याच्या भाषेतले वीस शब्द लिहून भिंतीवर लावायला आणि भूक, पाणी, शौच, दुखते, नको, घर अशी चित्रे त्याच्या हाताशी ठेवायला कोणते बजेट लागते?

आणि रात्री दोन वाजता मारामारी झालीच तर? त्यालाही उत्तर आहे. आधी बाकीच्यांना बाजूला करायचे, मारणाऱ्याला गराडा घालायचा नाही. आवाज खाली, हात उघडे, दोन हात अंतर, थोडे आणि साधे शब्द. दार अडवून उभे राहायचे नाही, त्याला बाहेर पडायला वाट ठेवायची. जिवावर बेतत असेल तरच आणि तेवढ्याच क्षणापुरते धरायचे. पालथे पाडून पाठीवर बसायचे नाही, त्याने श्वास कोंडून माणूस मरू शकतो. जखमी झालेल्याला ताबडतोब उपचार द्यायचे. नंतर घटना लिहायची, वरिष्ठांना कळवायची आणि कर्मचाऱ्यालाही दोन घटका बसून बोलू द्यायचे, कारण मार तिनेही खाल्लेला असतो. पण हे सगळे करायला रात्री किमान दोन माणसे लागतात. एकटी बाई प्रशिक्षित असली तरी तीस जणांना पुरी पडणार नाही. प्रशिक्षणाची गोष्ट करताना मनुष्यबळाची गोष्ट गाळणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे.

हे ज्ञान परदेशातून आणायचे आहे असेही नाही. बौद्धिक अपंगत्वासाठीची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला १९८४ पासून आहे, तिचे केंद्र नवी मुंबईत आहे. तिथल्या तज्ज्ञांनी १९९२ साली भारतीय मुलांसाठी वर्तन मोजण्याचे 'बेसिक-एमआर' हे साधन तयार केले. त्यात त्रासदायक वर्तनाचे ७५ प्रकार दहा गटांत मांडलेले आहेत. प्रौढांसाठीही त्यांनी 'बेसल-एमआर' हे वेगळे साधन केले. २०१६ च्या कायद्याचे कलम ४७ तर काळजी घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे कार्यक्रम सुरू करा असे सरकारला स्पष्ट सांगते. राष्ट्रीय न्यासाची 'सहयोगी' नावाची काळजीवाहक प्रशिक्षणाची योजना आहे, प्रौढांच्या निवासासाठी 'घरौंदा' आहे. ज्ञान आहे, कायदा आहे, योजना आहे. मग ते जळगाव-धुळ्याच्या रात्रपाळीच्या बाईपर्यंत का पोहोचत नाही?

आमचे उत्तर असे आहे की हे काम जातीने वाटलेले आहे, म्हणून. संस्थेत कोण काय करते ते जाऊन बघा. अध्यक्ष, सचिव, देणगीदार, फोटोत पुढे उभे राहणारे कोण? विशेष शिक्षकाची पदविका घेतलेले कोण? आणि लघवीने भिजलेली गादी उचलणारी, लाळ पुसणारी, चावे खाणारी कोण? आम्ही पाहिलेल्या ठिकाणी या तिसऱ्या रांगेत बौद्ध, मातंग, मेहतर, भिल्ल आणि भटक्या समाजातल्या बायाच जास्त दिसल्या. दुसऱ्याच्या शरीराची घाण काढणे हे 'त्यांचे' काम, त्याला शिक्षण कशाला लागते, हा विचार कोणी तोंडाने बोलत नाही. पण भरतीत, पगारात आणि प्रशिक्षणाच्या यादीत तो स्पष्ट दिसतो. कार्यशाळेला शिक्षक जातो, प्रमाणपत्र आणि प्रवासभत्ता घेऊन येतो. आया मात्र त्या दिवशी दुप्पट पाळी करते. जो माणूस निवाशाबरोबर दिवसात एखादा तास असतो त्याला ज्ञान, आणि जी बारा तास असते तिला झाडू. ज्ञानबंदी म्हणतात ती हीच. मनुस्मृती जाळली म्हणून ती आपोआप संपत नाही.

'मायेने सगळे होते, शिकायची काय गरज' असे म्हणणाऱ्यांना आम्ही सावित्रीमाईंची आठवण देतो. त्यांच्याकडे माया कमी होती का? तरीही शिकवायला उभ्या राहण्याआधी त्यांनी अहमदनगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. बहुजनांच्या लेकरांना शिकवणे हे प्रशिक्षण घेऊन करायचे काम आहे, हे त्यांना कळले होते. 'सेवा' या शब्दाने मात्र उलटे काम केले आहे. सेवा म्हटले की पगार विचारायचा नाही, तास मोजायचे नाहीत आणि चूक झाली की पाप सगळे सेवेकरणीच्या माथी.

कर्मचाऱ्यांना शिकवायचे टाळले की काय होते, याचा महाराष्ट्राला पुरता अनुभव आहे. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुली-स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय दिले? त्यांना पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही. पाळीच्या दिवसांत मदत कशी करावी हे आयांना शिकवणे, पुरेशी कापडे आणि पाणी देणे, मुलींना चित्रांतून समजावणे, हे कष्टाचे वाटले. अवयव कापणे सोपे वाटले. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबले. पुढे २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या निवासी संस्थेत मुलींवर झालेले लैंगिक अत्याचार उघडकीस आले आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावल्या. अशा ठिकाणी मुलगी ओरडते, चावते, कपडे घालू देत नाही, तेव्हा ती तक्रार करत असते. ही तक्रार वाचायला न शिकलेला कर्मचारी अत्याचार करणाऱ्याच्याच उपयोगी पडतो.

श्रीमंत देशांत हे होत नाही असे समजू नका. त्याच २०११ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या 'विंटरबोर्न व्ह्यू' या खासगी रुग्णालयात अशाच प्रौढांना होणारी मारहाण बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने दाखवली. अकरा कर्मचारी दोषी ठरले, सहा जण तुरुंगात गेले. पण तिथे प्रश्न कर्मचाऱ्यांपाशी थांबला नाही. अशा संस्था कोण चालवतो, तपासणी कोण करतो, हे विचारले गेले. २०२२ च्या कायद्याने आरोग्य आणि देखभाल क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांना बौद्धिक अपंगत्व आणि ऑटिझमबद्दलचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. आपल्याकडे आयाला काढले की फाईल बंद होते.

प्रौढांची अडचण तर दुहेरी आहे. शाळा आणि बालगृहे अठरा वर्षांपर्यंत. त्यानंतर कुठे जायचे? अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर अनेक वर्षे हाच प्रश्न विचारत आहेत, की अठरा पूर्ण झाले म्हणून अनाथ अपंगांना बाहेर का काढायचे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्यांचा प्रश्न अजून उभाच आहे. आपल्या जळगाव-धुळ्यात अठरानंतर बहुतेकांचा पत्ता म्हणजे घर. घरात म्हातारी आई, मजुरीला जावे लागते, म्हणून मुलगा दाराला किंवा झाडाला बांधलेला. हिणवायला सोपे आहे, पण तिलाही कोणी शिकवलेले नाही. प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथे. जळगावहून ठाणे चारशे किलोमीटर, आणि तिथेही हा आजार नव्हे म्हणून परत पाठवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली, पण त्या कायद्याच्या व्याख्येत बौद्धिक अपंगत्व मानसिक आजारात धरलेले नाही. त्यामुळे हा माणूस एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे टोलवला जातो.

'पैसा कुठून आणायचा' असे विचारले जाईल. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. अनेक ठिकाणी तो वर्षअखेर साहित्य वाटून, फोटो काढून उडवला जातो. त्यातला थोडा भाग दोन्ही जिल्ह्यांतल्या काळजीवाहक बायांच्या आणि घरच्या आयांच्या प्रशिक्षणाला द्या. शिकवायला माणसेही आहेत. धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, समाजकार्य महाविद्यालये आहेत, विशेष शिक्षक आहेत.

आपल्याच काही मित्रांचा आक्षेप वेगळा आहे : चळवळीपुढे आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचार असे मोठे प्रश्न असताना हे कशाला? त्यांना आम्ही सांगतो, बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामाचे तास, कामगार विमा असल्या 'लहान' गोष्टींसाठी झटले. घटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांत सरकारी साहाय्याचा हक्क लिहिलेला आहे. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही त्याच्या बाजूने उभे राहणे हे आपले काम नसेल, तर मग कोणाचे?

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१) जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या प्रत्येक नोंदणीकृत निवासी संस्थेत आया, काळजीवाहक, स्वयंपाकी आणि पहारेकरी यांना पगारी सुट्टी देऊन प्रशिक्षण द्या. ते मराठीत, अहिराणीत आणि गरज तिथे पावरी-भिलोरीत असावे, आणि एका दिवसाच्या भाषणाऐवजी कामाच्या जागी, वर्षभर टप्प्याटप्प्याने व्हावे.

२) प्रमाणपत्रासोबत पगारवाढ द्या. ठेकेदारी बंद करा, रात्रपाळीला एकटा कर्मचारी ठेवण्यास मनाई करा.

३) बांधणे, कोंडणे, गुंगीचे औषध देणे, या प्रत्येक घटनेची नोंद ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांनी ती दर तीन महिन्यांनी तपासावी, आणि तपासणीत पालक व अपंग व्यक्ती असाव्यात.

४) दुर्घटना घडली की आधी संस्थेच्या चालकाला विचारा : या कर्मचाऱ्याला काय शिकवले होते, आणि तिच्यासोबत किती जण होते?

५) घरी सांभाळणाऱ्या आयांसाठी तालुक्याला महिन्यातून एक दिवस मार्गदर्शन, आणि मजुरीच्या दिवसांत सोय म्हणून दिवसा सांभाळणारे केंद्र सुरू करा.

आणि एक गोष्ट आमच्यासाठी. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण हजारोंनी जमतो. यंदा तिथे एक टेबल आम्ही या विषयाचे लावणार आहोत. वस्तीत असा मुलगा, अशी मुलगी, असे काम करणारी बाई असेल तर नाव-नोंद करा.

त्या आयाबाईंना परत कामावर घ्या, त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शिकवा, असे दुसरे निवेदन आम्ही त्या संस्थेला दिले आहे. उत्तर आलेले नाही. निवेदनावर पहिली सही त्या तरुणाच्या आईची आहे. सही करताना ती एवढेच म्हणाली, "तिला काढून माझ्या पोराची रात्र बदलली नाही. आता तिथे नवी बाई आहे, तीही एकटीच आहे."

जय भीम!